उष्णता आणि तापमान पहिल्यापासून शिकायचंय? नागपूरच्या घरातूनच अशी सुरुवात करा

शाळा सोडून बरीच वर्षं झाली आणि आता स्पर्धा परीक्षेसाठी, आयटीआयसाठी किंवा मुलांचा अभ्यास घेण्यासाठी विज्ञान पुन्हा हातात धरावं लागतंय, अशांसाठी हा लेख आहे. मी स्वतः कला शाखेची. अभ्यासिकेत बसून सामान्य विज्ञान शिकताना ज्या प्रकरणाने सगळ्यात जास्त घोळ घातला, ते म्हणजे उष्णता. व्याख्या पाठ होतात, पण गणित आलं की हात थांबतो. कारण उष्णता, तापमान आणि औष्णिक ऊर्जा या तीन गोष्टी पुस्तकात वेगवेगळ्या आहेत आणि रोजच्या बोलण्यात आपण तिन्हींना एकच समजून चालतो.

हे प्रकरण मोजता मोजता सुटतं, वाचून वाचून सुटत नाही. म्हणून खाली प्रयोगांचा क्रम आधी आहे आणि सूत्रं त्यांच्या मागून येतात. क्रम बदलू नका. आणि नागपुरात राहत असाल तर उन्हाळ्याला घाबरून हा अभ्यास हिवाळ्यावर ढकलू नका; मे महिन्याची कोरडी हवा आणि जुलैची दमट हवा, या दोन्हींनी जे समजतं ते इतर शहरांत सहज समजत नाही.

१. काय काय जमवायचं

– प्रयोगशाळेतले दोन थर्मामीटर, उणे १० ते ११० अंश सेल्सिअसचे. आत लाल द्रव असलेले घ्या, पाऱ्याचे नकोत. फुटले तर घरात पारा सांडतो आणि तो विषारी असतो.
– स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा.
– विजेची केटल. तळाला वॅट लिहिलेले असतात, तो आकडा टिपून ठेवा.
– थर्माकोलचे किंवा जाड कागदाचे दोन पेले, आणि स्टीलच्या दोन सारख्या वाट्या.
– बर्फ, मलमलचा तुकडा, लोखंडी बत्ता, वही. घड्याळ मोबाइलमधलं चालेल.
– बालभारतीची आठवी आणि दहावीची विज्ञानाची पुस्तकं. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आठवीपासूनच सुरू करा, दहावीच्या पुस्तकावर थेट उडी मारू नका.

ताप मोजायचा थर्मामीटर या कामाला वापरू नका. त्याची पट्टी साधारण ३५ ते ४२ अंशांची असते. काचेचा असला तर गरम पाण्यात तडकतो. पाणी तापवायचा उघडा रॉडही टाळा. मोजमाप करताना हात सारखा पाण्याजवळ असतो आणि शॉकचा धोका खरा आहे.

२. तीन गोष्टी आधी वेगळ्या करा

पदार्थाचे रेणू सतत हलत असतात. त्या हालचालीची सरासरी तीव्रता म्हणजे तापमान. सगळ्या रेणूंची मिळून ऊर्जा म्हणजे औष्णिक ऊर्जा. ती पदार्थ किती आहे यावरही अवलंबून असते. आणि तापमानातल्या फरकामुळे एका वस्तूतून दुसरीत जी ऊर्जा जाते, तिला जाताना उष्णता म्हणायचं. वस्तूच्या आत ‘उष्णता साठलेली’ नसते. साठलेली असते ती ऊर्जा.

अंबाझरी तलाव आणि अंगणातली बादली डोळ्यांसमोर आणा. पाण्याची पातळी म्हणजे तापमान, एकूण पाणी म्हणजे औष्णिक ऊर्जा, आणि नळी जोडल्यावर वाहणारं पाणी म्हणजे उष्णता. बादली तलावापेक्षा उंच ठेवली तर पाणी बादलीतूनच तलावाकडे जाईल, तलावात कितीही पाणी असलं तरी. दिशा पातळी ठरवते. परीक्षेत ‘उष्णता कोणत्या दिशेने वाहते’ असा प्रश्न आला की वस्तुमान बघत बसू नका, फक्त तापमान बघा.

यावरून आणखी एक गोष्ट वहीत लिहा: थंडी नावाची वस्तू कुठून कुठे जात नाही. फ्रीजचं दार उघडलं की खोलीतली उष्णता आत जाते, एवढंच.

३. थर्मामीटर तपासून घ्या

पेल्यात ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी घाला, ढवळा, थर्मामीटरचा फुगा त्यात बुडवा. दोन-तीन मिनिटांत ० अंश दिसायला हवेत. मग उकळत्या पाण्यात धरा. इथे १०० दिसले नाहीत तर थर्मामीटरला दोष देऊ नका. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच आहे, तेवढ्याने हवेचा दाब कमी होतो आणि पाणी सुमारे ९९ अंशांनाच उकळतं. पुस्तकातले १०० अंश समुद्रसपाटीचे असतात.

उकळायला लागल्यावर गॅस मोठा करून पाहा. आकडा हलत नाही, फक्त वाफ जास्त निघते. म्हणून डाळीला एकदा उकळी फुटली की आच बारीक केलेली चालते. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून तिथे पाणी १२० अंशांच्या आसपास जातं आणि डाळ लवकर शिजते.

हाताला थर्मामीटर समजू नका. डिसेंबरच्या सकाळी स्टीलचं ताट गार लागतं आणि लाकडी पोळपाट तितका लागत नाही, पण रात्रभर एकाच खोलीत असल्यामुळे दोन्हींचं तापमान सारखंच असतं. स्टील हातातली उष्णता भराभर ओढून घेतं, हे त्यामागचं कारण. आता हाच खेळ मे महिन्यात करा. खोलीचं तापमान त्वचेच्या वर, ४० च्या पुढे गेलं की तेच ताट पोळपाटापेक्षा जास्त गरम लागतं. हात सांगतो तो उष्णता वाहण्याचा वेग.

उन्हात ठेवलेला थर्मामीटर हवेचं तापमान सांगत नाही. तो स्वतः ऊन खाऊन किती तापलाय ते सांगतो. म्हणूनच हवामान खातं पांढऱ्या, झडपांच्या, हवा खेळत्या पेटीत सावलीत मोजतं. गाडीच्या डॅशबोर्डवर ५० दिसले म्हणून ते फोटो काढून गटात टाकू नका. आणि अधिकृत यंत्रही चुकू शकतं: ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि नंतर सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्यानेच सांगितलं. शेजारच्या आकड्यांशी पडताळल्याशिवाय कुठलंही एक वाचन खरं धरायचं नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

४. केटल आणि वीजबिलाचं युनिट

एक लिटर पाणी केटलमध्ये घ्या. सुरुवातीचं तापमान मोजा, ३० धरून चालू नका. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी ४० च्याही वर असू शकतं. उकळेपर्यंतचा वेळ टिपा.

एक किलो पाणी एक अंशाने तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात. पाणी ३० वरून ९९ वर न्यायचं तर ४.१८ × ६९, म्हणजे सुमारे २८८ किलोज्यूल. १५०० वॅटची केटल सेकंदाला १.५ किलोज्यूल देते. भागाकार केला की १९२ सेकंद येतात. प्रत्यक्षात थोडा वेळ जास्त लागेल, कारण केटलही तापते आणि काही उष्णता बाहेर जाते. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल, तेव्हा या लिटरभर पाण्याला ०.०८ युनिट लागलं.

आता अर्धा लिटर पाणी घेऊन तेच करा. वेळ जवळपास निम्मा, शेवटचं तापमान तेच. तापमान सारखं आणि उष्णता निम्मी, हे आकड्यात एकदा दिसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

५. मिसळा आणि अंदाज आधी लिहा

अंदाज आधी, मोजमाप नंतर. उलट केलंत तर काहीच शिकणार नाही.

थर्माकोलच्या पेल्यात ३० अंशांचं २०० ग्रॅम पाणी घ्या, त्यात ६० अंशांचं २०० ग्रॅम ओता: ४५ च्या जरासं खाली येईल. मग ३० अंशांच्या २०० ग्रॅममध्ये ६० अंशांचं १०० ग्रॅमच ओता: ४० च्या आसपास. गरम पाण्याने दिलेली उष्णता आणि गार पाण्याने घेतलेली उष्णता सारखी, एवढं एकच तत्त्व इथे आहे.

आता बत्ता घ्या. त्याचं वजन करा आणि तेवढ्याच वजनाचं, ३० अंशांचं पाणी पेल्यात ठेवा. बत्ता उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवला की तो ९९ ला पोचतो. चिमट्याने काढा, पटकन फडक्याने टिपा, पेल्यात सोडा, ढवळा. वजनं सारखी असल्यामुळे मन म्हणतं साडेचौसष्ट. थर्मामीटर ३७ च्या आसपास थांबतो. लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता (ठरावीक वजनाचा पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) पाण्याच्या जेमतेम नवव्या हिश्श्याएवढी आहे, म्हणजे तेवढ्याच उष्णतेने ते नऊ पट तापतं आणि तेवढी थोडी उष्णता देऊन निवतं. रुक्ष व्याख्या वाटणारी ही राशी या एका प्रयोगाने कायमची लक्षात राहते. बत्ता हळू सोडा, पेला फुटतो.

६. बर्फ: तापमान न बदलता उष्णता कुठे जाते

८० अंशांचं १०० ग्रॅम पाणी घ्या आणि त्यात १०० ग्रॅम बर्फ घाला. सरासरी ४० येईल असं वाटतं. येतात जवळपास ०. एक ग्रॅम बर्फाचं त्याच तापमानाचं पाणी व्हायला ८० कॅलरी (एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला लागते ती एक कॅलरी, म्हणजे ४.१८ ज्यूल) लागतात आणि त्या सगळ्या रेणूंची बांधणी सुटण्यात खर्च होतात. हा अप्रकट उष्मा. स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात हे दाखवलं.

इथे हमखास फसायला होतं ते असं: फ्रीजरमधून काढल्या काढल्या बर्फ ० अंशांचा नसतो, उणे दहा-पंधराचा असतो. ताटात ठेवा, पृष्ठभाग ओला होऊ द्या, फडक्याने पाणी टिपा, मगच वजन करा.

पाण्याची वाफ व्हायला ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी लागतात. तीच वाफ हातावर पाणी झाली की तेवढ्याच परत देते, म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट. कुकरच्या शिट्टीशी खेळणाऱ्या लहानांना हे आवर्जून सांगा.

एसीच्या दुकानात ‘दीड टन’ म्हणतात तो टनही इथूनच आला. सुमारे ९०७ किलो, म्हणजे एक अमेरिकी टन, बर्फ २४ तासांत वितळायला ज्या वेगाने उष्णता लागते तो वेग म्हणजे एक टन, साधारण ३.५ किलोवॉट. यंत्राच्या वजनाशी त्याचा संबंध नाही.

७. ओला थर्मामीटर, म्हणजेच तुमचा कूलर

हा भाग निवांत करा. दोन थर्मामीटर शेजारी शेजारी, सावलीत, पंख्यासमोर टांगा. एकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळा. काही मिनिटांत ओला खाली जायला लागेल.

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला थर्मामीटर २३ च्या आसपास थांबतो. एकवीस अंशांचा फरक, तोही फक्त बाष्पीभवनाने. कूलर हेच करतो. टुल्लू पंप ताट्यांवर, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या जाळ्यांवर, पाणी सोडतो, पंखा त्यांतून बाहेरची कोरडी हवा ओढतो, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं. कूलर ओल्या थर्मामीटरच्या खाली जाऊ शकत नाही; ताट्या चांगल्या असल्या तर त्याच्या चार-पाच अंश जवळ जातो. गवत कुजलं, क्षार बसले, एखादी बाजू कोरडी राहिली, की तिथून गरम हवा तशीच आत येते. पंखा बदलण्याआधी ताट्या बघा.

आता जुलैत तेच करा. हवा ३२ अंश, आर्द्रता ८० टक्के: ओला थर्मामीटर २९ ला अडतो. तीन अंशांसाठी खोली दमट करण्यात अर्थ नाही. पावसाळा लागला की आपण पंप बंद करून नुसता पंखा चालवतो, ते बरोबरच आहे.

हिशेबही करून बघा. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल घेतं. टाकीतलं पाणी तासाला ५ लिटर कमी होत असेल तर ताशी १२,००० किलोज्यूल, म्हणजे ३.३ किलोवॉट, जवळजवळ एक टन एसीएवढं. पण दोन्हींची तुलना इथेच थांबवा. कूलर दर क्षणी बाहेरची नवी हवा गार करतो आणि ती खिडकीतून निघून जायला हवी. खिडकी बंद करून कूलर लावला की आर्द्रता साठते आणि तासाभरात चिकचिक सुरू होते. हवा आत येते तेवढी बाहेर जायची वाट ठेवा, कूलरच्या समोरच्या बाजूला.

माठ पाझरतो म्हणून गार होतो. चकचकीत रंग लावलेल्या माठात पाणी गार होत नाही त्याचं कारण तेच. आणि तर्री पोह्यांची तर्री, म्हणजे तेलाचा तवंग असलेला तिखट रस्सा, इतका वेळ कढत का राहते, तेही इथेच करून बघता येतं. दोन सारख्या वाट्यांत सारखंच गरम पाणी घ्या, एकीवर चमचाभर तेल सोडा, दहा मिनिटांनी मोजा. तेलाचा थर बाष्पीभवन अडवतो आणि ती वाटी जास्त गरम निघते.

शरीराचंही असंच. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की पंखा हवेतली उष्णता अंगावर आणतो आणि घाम वाळणं एवढाच एक मार्ग उरतो. कोरड्या लूमध्ये घाम आल्या आल्या वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, एखाद्याचं अंग तापलेलं असेल आणि तो असंबद्ध बोलत असेल, तर तो उष्माघात धरून चाला. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला आणि ताबडतोब दवाखान्यात हलवा. शुद्ध नीट नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

८. वहन, अभिसरण, प्रारण: गच्चीवर जाऊन समजून घ्या

तिन्ही व्याख्या पुस्तकात आहेत, त्या तिथून घ्या. तिन्ही एकत्र बघायला वरच्या मजल्यावरचं घर पुरे. ऊन गच्चीवर प्रारणाने येतं, स्लॅबमधून वहनाने खाली उतरतं, आणि तापलेलं छत पुन्हा प्रारणाने तुमच्या अंगावर उष्णता टाकतं. अभिसरणाचा वाटा इथे लहान, कारण छताला लागलेली गरम हवा आधीच वर असते, ती खाली यायला तयार नसते. ‘उष्णता वर जाते’ हे वाक्य मात्र विसरा. वर जाते ती गरम हवा. उष्णता गरमाकडून गाराकडे कुठल्याही दिशेला जाते, छतातून खालीसुद्धा.

काँक्रीटचा साडेबारा सेंटिमीटरचा स्लॅब धरा. एका चौरस मीटरचं वजन सुमारे ३०० किलो. काँक्रीटला किलोमागे, अंशामागे ०.९ किलोज्यूल लागतात, म्हणजे एक चौरस मीटर एका अंशाने तापायला २७० किलोज्यूल. दिवसभरात तो सरासरी २० अंश तापला तर ५४०० किलोज्यूल, दीड युनिट. दहा बाय बाराच्या खोलीवर अकरा चौरस मीटर स्लॅब असतो. सोळा युनिटांच्या वर ऊर्जा संध्याकाळी त्यात बसलेली असते आणि रात्रभर सुटत राहते. बाहेर हवा निवली तरी रात्री अकराला छत अंगावर येतं, ते यामुळे.

म्हणून उपाय उन्हाच्या वाटेवर आधी करायचा: गच्चीला चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात. पांढरा रंग ऊन परतवतो आणि स्लॅब मुळात कमी तापतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारण्याचाही उपयोग आहे. चौरस मीटरला एक लिटर पाणी वाफ झालं आणि सगळी उष्णता स्लॅबमधूनच घेतली, तर तो जवळपास नऊ अंश उतरेल. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून येते, त्यामुळे कमी. पातळ शिंपडा, तळं करू नका, आणि पाण्याची टंचाई असेल तर चुन्यावरच भर द्या.

९. गणितं सोडवताना

आधी एककं. कॅलरी दिली असेल तर पाण्याचा विशिष्ट उष्मा (म्हणजे वरची विशिष्ट उष्माधारकताच) १ घ्या आणि वस्तुमान ग्रॅममध्ये. ज्यूल असेल तर ४.१८. गणिताच्या मध्येच एकातून दुसऱ्यात उड्या मारल्या की उत्तर चुकतंच. खाद्यपदार्थांच्या पाकिटावरची कॅलरी म्हणजे किलोकॅलरी, हा वेगळा सापळा.

तापमानातला फरक सेल्सिअसमध्ये घ्या किंवा केल्व्हिनमध्ये (सेल्सिअस अधिक २७३), आकडा तोच येतो. पण ‘दुप्पट गरम’ असं काही विचारलं तर केल्व्हिनमध्येच बोला. १५ अंशांपेक्षा ३० अंश दुप्पट नाहीत. ते २८८ आणि ३०३ केल्व्हिन आहेत, म्हणजे पाच टक्क्यांची वाढ. फॅरनहाइट सेल्सिअसमध्ये आणायचं तर ३२ आधी वजा करा, मग ५/९ ने गुणा. क्रम उलटा केला की ९८.६ चे ३७ कधीच येत नाहीत.

बर्फापासून वाफेपर्यंतचं गणित असेल तर आलेख काढा: चढ, सपाट, चढ, सपाट. प्रत्येक चढाला वस्तुमान × विशिष्ट उष्मा × तापमानातला फरक, प्रत्येक सपाट भागाला वस्तुमान × अप्रकट उष्मा. सगळे तुकडे वेगळ्या ओळीत लिहून शेवटी बेरीज करा. बर्फाचा विशिष्ट उष्मा पाण्याच्या निम्मा, ०.५, असतो, बरेच जण तिथेही १ घालतात.

एवढं हातातून गेल्यावर दहावीच्या पुस्तकातलं पाण्याचं असंगत आचरण आणि दवबिंदू घ्या. ओल्या थर्मामीटरची वही तेव्हा जवळ ठेवा, आर्द्रतेची गणितं तिच्यातल्या आकड्यांवरच करता येतात. गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात एक चक्कर या टप्प्यावर मारा, आधी नको. आपण स्वतः मोजलेलं असलं की तिथल्या यंत्रांसमोर विचारायला प्रश्न तयार असतात.